जुन्या शेवरले पिकअपवर वापरलेलं लूव्हरचं बोनेट बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९७१ सालचा शेवरले सी-१० पिकअप आहे, इथे कॅलिफोर्नियात. त्याच्यावर जे बोनेट आहे ते १९७० च्या दुसऱ्या एका ट्रकवरून उतरलेलं, कुणीतरी लूव्हर पाडलेलं. ते बघून मंडळी प्रश्न पाठवतात. ह्यूस्टन, न्यू जर्सी, बे एरियातून आणि पुण्या-कोल्हापुरातल्या जीपवाल्यांकडूनही. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. इथल्या दुकानात बोनेट मागितलंत तर कुणाला कळणार नाही, तिथे हूड म्हणा. मी मात्र घरातलाच शब्द वापरतो.

१. लूव्हर म्हणजे नेमकं काय? नुसती भोकं पाडली तर चालणार नाही का?

मुंबईतल्या जुन्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या खिडकीला तिरप्या काचांच्या पट्ट्या असतात, त्याच कल्पनेचा हा पत्र्यातला अवतार. प्रेसमध्ये पंच आणि डाय यांच्यामध्ये पत्रा धरतात. पंच एका लांब कडेला पत्रा कापतो आणि त्याच दाबात बाकीचा पत्रा ताणून वर उचलतो. एक बाजू उघडी, तीन बाजू सलग. पत्रा कुठेही काढून टाकलेला नसतो, तो जागच्या जागी फुगलेला असतो. म्हणून त्याला थोडा ताठपणाही येतो आणि समोरून येणारं पाणी सरळ आत पडत नाही. भोकांत हे दोन्ही नाही.

फोर्डच्या मॉडेल ए गाडीच्या बोनेटला बाजूंवर कारखान्यातूनच असे लूव्हर यायचे. पुढे एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर आणि बॉनव्हिलच्या मिठागरावर गाड्या पळवणाऱ्या पोरांनी बोनेटवर, डिकीच्या झाकणावर लूव्हर पाडून घेतले आणि ती एक वेगळी शैलीच झाली. सी-१० ला कारखान्यातून वरच्या पत्र्यावर असे लूव्हर येत नव्हते. तुम्हाला जे बोनेट मिळेल त्यावर कुणाचा तरी हात फिरलेला आहे, हे खरेदीला निघण्यापूर्वी ध्यानात घ्या.

२. यानं इंजिन खरंच थंड राहतं का?

ट्रॅफिकमध्ये उभं असताना आणि गाडी बंद केल्यावर फरक जाणवतो. गरम हवा वर जाते आणि तिला वाट मिळते. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून गाडी पुन्हा सुरू होताना त्रास देते, तो त्रास माझ्या ट्रकचा कमी झाला. वेगात असताना लूव्हर कुठे आहेत त्यावर सगळं अवलंबून असतं. बोनेटच्या पुढच्या भागावर, नाकापासून थोडं मागे, हवेचा दाब कमी असतो आणि तिथून आतली हवा बाहेर ओढली जाते. पुढच्या काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, त्यामुळे अगदी मागच्या ओळी वेगात फारसं काही देत नाहीत. तिथून हवा उलट आतही येऊ शकते.

पण काटा लाल खुणेवर जात असेल तर त्यावर लूव्हर हा इलाज नाही. आधी रेडिएटर, थर्मोस्टॅट, फॅन क्लच आणि फॅनभोवतीचं आवरण बघा. आवरण काढून फेकलेले ट्रक मी इतके पाहिले आहेत की पहिला प्रश्न मी तोच विचारतो.

३. माझ्या ट्रकला कोणत्या सालाचं बोनेट बसेल?

१९६७ ते १९७२ ही एकच पिढी असली तरी बोनेटं दोन प्रकारची आहेत. १९६७-६८ चं नाक गोलसर आणि उतरतं. १९६९ पासून पुढची कड उंच आणि चौकोनी झाली. मागे बिजागरीजवळ दोन्ही सारखीच वाटतात, आणि फसगत तिथेच होते. ६८ चं बोनेट ७१ वर ठेवलंत तर मागची बाजू छान बसेल, पण पुढे शोच्या, म्हणजे समोरच्या जाळीच्या, वरच्या पट्टीशी आणि फेंडरच्या (चाकावरच्या मडगार्डच्या) नाकाशी रेषा जुळणार नाही. ती कशानंही जुळत नाही, प्रयत्न करू नका.

१९६९ ते ७२ आपसांत चालतात. १९६९ मध्ये आलेल्या शेवरलेच्याच के-५ ब्लेझर या एसयूव्हीचं बोनेटही त्यातच येतं. यात एक बारकावा आहे. १९६९-७० ला शेवरलेची बो-टाय, म्हणजे कंपनीचं चिन्ह, बोनेटच्या नाकावर असते, १९७१-७२ ला ती खाली शोच्या मध्यावर गेली. त्या भोकांचं काय करायचं ते प्रश्न १० मध्ये.

४. जुनं बोनेट बघायला गेल्यावर काय काय तपासायचं?

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना जा. भर दुपारी पत्रा खोटं बोलतो. गॅरेजमध्ये असाल तर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावर बघत हळूहळू बाजूला सरका. जिथे ते वाकडं होऊन उडी मारतं तिथे पोचा किंवा फुगवटा आहे.

माझे मामा सांगलीत डेंटिंगचं काम करायचे. ते हातावर जुन्या धोतराचा पातळ कपडा घेऊन तळवा पत्र्यावर फिरवायचे, डोळे दुसरीकडे. उघड्या हाताला घर्षण जास्त जाणवतं आणि उंचसखलपणा कमी. कपड्यावरून हात सरकतो आणि केसाएवढा खड्डाही कळतो. मी आजही खिशात सुती रुमाल ठेवतो तो यासाठी.

लूव्हर एकेक करून बघा. दोन लूव्हरमधली पट्टी सपाट आहे की कमानीसारखी वर आली आहे? प्रत्येक लूव्हर पत्रा ताणतो. काम घाईत झालं असेल तर सगळा पत्रा पापडासारखा वळलेला असतो. तोंडं एका रेषेत आहेत का, ते दोरी ताणून बघा. मग लूव्हरच्या दोन्ही टोकांना, जिथे काप संपतो तिथे, नख फिरवा. बारीक चीर तिथूनच सुरू होते.

लोहचुंबक सोबत न्या, पातळ कापडात गुंडाळून. जिथे तो चिकटत नाही तिथे लांबी, म्हणजे पोचे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. लूव्हरच्या आसपास लांबी निघाली तर मी ते बोनेट घेत नाही. माझं पहिलं बोनेट मी असंच घेतलं होतं, वर नवाकोरा काळा रंग मारलेलं. दुसऱ्या महिन्यात चार लूव्हरच्या कोपऱ्यांशी केसासारख्या रेघा उमटल्या. मग नखानं खरवडलं तर बिस्किटाच्या तुकड्यासारखी लांबी हातात आली आणि खाली फाटलेला पत्रा. विकणारा माणूस त्यानंतर फोन उचलेना. रंगवलेल्या बोनेटपेक्षा गंजका, उघडा पत्रा मला परवडतो, कारण त्यात लपवायला जागा नसते.

शेवटी बोनेट उलटं करा. आतली कैची, म्हणजे वरच्या पत्र्याला आधार देणारा सांगाडा, शाबूत आहे का? बिजागरीच्या बोल्टांच्या थोडं पुढे आडवी घडी पडलेली आहे का? या ट्रकांचं ते नेहमीचं दुखणं आहे, कारण प्रश्न ९ मध्ये दिलं आहे. पुढच्या कडेला दोन पत्रे एकमेकांवर दुमडलेत तिथे टोच्यानं टोकरून बघा, गंज आतून येतो.

५. त्यापेक्षा माझ्याच बोनेटवर लूव्हर पाडून घेऊ का?

चांगला प्रेसवाला जवळ असेल आणि तुमचं बोनेट आधीच दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा रंगलेलं असेल तर जरूर. पण ट्रकवर कारखान्यातला मूळ रंग आणि मूळ बोनेट असेल तर त्याला हात लावू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. पत्र्यात पाडलेला लूव्हर परत सपाट होत नाही. वापरलेलं घेण्यातला मोठा फायदा हाच, की स्वतःचं मूळ बोनेट जुन्या रजईत गुंडाळून माळ्यावर ठेवता येतं.

६. आधी रंगवू की आधी बसवू?

आधी बसवा, कोऱ्या पत्र्यावर. सगळ्या फटी जुळल्या, दहा-बारा वेळा उघडबंद झालं, ट्रक रस्त्यावर एक फेरी मारून आला, की मग उतरवून रंगवा. जुळवताना बोनेटचे कोपरे काचेखालच्या पट्टीला लागतातच. रंगवलेलं असेल तर रंग उडतो, आणि तो वाचवण्याच्या भीतीनं माणूस जुळवणी अर्धवट सोडतो.

७. बसवायचं कसं? एकट्याला जमेल का?

एकट्यानं नको. दोन माणसं हवीत, तिसरं लांबून फटी बघणारं असेल तर उत्तम. बोनेट मागे बिजागरीवर आणि पुढे कुलपावर टेकतं. एक बाजू हातातून सुटली तर तिचा कोपरा थेट पुढच्या काचेत जातो.

जुनं उतरवण्यापूर्वी बिजागरीच्या पट्टीभोवती आणि प्रत्येक वॉशरभोवती टोकदार सुईनं रेघ ओढा. मार्करची रेघ तेलानं पुसली जाते. फेंडरच्या कडांना आणि काचेखालच्या पत्र्याला रंगाऱ्याची चिकटपट्टी दुहेरी लावा, वर जुनी चादर घाला. दोघांनी दोन बाजूंनी खांदा द्यायचा, एका हातानं बोल्ट सोडवायचे. वॉशर आणि शिम (जोडात घालायच्या पातळ चकत्या) कुठून निघाले ते त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवा.

नवं चढवताना बोल्ट हातानं घट्ट होतील इतकेच लावा. आणि सर्वांत महत्त्वाचं: पुढचं कुलूप आधी काढून ठेवा. न जुळलेलं बोनेट खाली जाऊन कुलूप लागलं आणि अडकलं, तर ते बाहेरून उघडताना शोचा आणि तुमच्या मनाचा दोन्हीचा चुराडा होतो. बोनेट हळूहळू खाली आणा. एकानं फक्त मागच्या दोन कोपऱ्यांकडे बघायचं. कुठेही टेकतंय असं वाटलं की थांबायचं.

जुळवण्याचा क्रम असा: आधी मागची फट, मग बाजूच्या, मग उंची, आणि सगळ्यात शेवटी कुलूप. बोनेट-बिजागरी जोडणीतल्या लांबट भोकांत ते पुढेमागे सरकतं, बिजागरी-ट्रक जोडणीत वरखाली. पुढच्या कोपऱ्यांची उंची त्यांच्याखालचे रबरी ठोकळे फिरवून जमवायची. कुलूप परत लावताना ते बोनेटला बाजूला ओढत नाही ना, ते बघा. त्यानं जुळलेलं धरून ठेवायचं, जुळवायचं काम त्याचं नाही.

दोन कुलपं असतात, हे विसरू नका. मुख्य कुलूप सुटलं तर बोनेट धरून ठेवणारा दुसरा आकडा असतो. तो नीट अडकतोय ना, हे हातानं बोनेट वर ओढून तपासल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर काढू नका. हे बोनेट पुढून उघडतं, वाऱ्यानं उचललं तर सरळ काचेवर येतं.

८. एका बाजूची फट करंगळी जाईल इतकी आणि दुसऱ्या बाजूला कागदही जात नाही. बोनेट वाकडं आहे का?

बहुतेक वेळा नाही. सगळ्यांत जास्त पत्रं याच प्रश्नाची येतात, आणि दहापैकी आठ वेळा दोष बोनेटच्या खाली असतो.

पहिल्यांदा रेडिएटर ज्या चौकटीत बसतो तिच्या खालचे रबर बघा. पन्नास वर्षांत ते चुरगळून अर्धे होतात. चौकट एका बाजूला खचली की दोन्ही फेंडरांची नाकं तिच्यासोबत जातात आणि दोष बिचाऱ्या बोनेटवर येतो. मग केबिनखालचे रबर. मग फेंडर आणि केबिन यांच्या जोडावरचे शिम, मागच्या कुणीतरी फेंडर बदलताना ते काढून टाकलेले असतात. जुळवणी नेहमी मागून पुढे येते: केबिन, दरवाजा, फेंडर, चौकट, आणि शेवटी बोनेट. बोनेटपासून सुरुवात केलीत तर दिवसभर बोल्टच फिरवत बसाल. मी दोन रविवार फिरवले आहेत.

पाच मिलिमीटर जाडीची प्लायवूडची पट्टी कापून घ्या आणि फटीत उभी धरून मागून पुढे ओढत न्या. पट्टी कुठे अडते, कुठे सैल पडते, ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा. हे ट्रक शेतावर आणि बांधकामावर राबायला बनवले होते, कारखान्यातूनही त्यांच्या फटी आजच्या गाडीसारख्या यायच्या नाहीत. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की पुरे.

एवढं करूनही एकच पुढचा कोपरा वर राहत असेल, तर मात्र बोनेटला पीळ आहे. उंच कोपऱ्याच्या विरुद्ध कोपऱ्याखाली कापड गुंडाळलेला लाकडाचा ठोकळा ठेवून उंच कोपरा तळव्यानं दाबा, थोडा-थोडा, दर वेळी बघत. लूव्हरच्या ओळीवर हात ठेवून मुळीच दाबू नका, तिथला पत्रा आधीच ताणलेला असतो.

९. नव्या बिजागऱ्या टाकल्या आणि बोनेट मध्येच वाकलं. असं का?

बिजागरी जाम असली की बोनेट बंद करताना मागचा भाग हलत नाही आणि पुढून दिलेला जोर मधे जिरतो. मग कैचीच्या कमकुवत जागी आडवी घडी पडते. जुन्या बिजागऱ्या तेल-पाण्याअभावी जाम होतात. काही नव्या मुळातच घट्ट येतात आणि त्यांची स्प्रिंग जोरकस असते. बसवण्यापूर्वी बिजागरी हातात घेऊन पंचवीस-तीस वेळा उघडबंद करा आणि प्रत्येक सांध्यात तेल सोडा. बोनेट मधोमध ढकलून बंद करायची सवय सोडा. दोन्ही हात पुढच्या कडेवर, बाजूबाजूला ठेवा.

घडी पडलीच तर पत्रा बाहेरून ठोकू नका. आधी आतली कैची सरळ करून तिला पट्टी वेल्ड करा, मग वरचा पत्रा आपोआप बराच सुधारतो.

१०. बो-टायची भोकं बुजवू का?

ट्रक ७१-७२ चा असेल तर बुजवा, नाहीतर शोवर एक आणि नाकावर एक अशी दोन चिन्हं होतात. लांबीनं बुजवू नका, इंजिनच्या उष्णतेनं आणि थरथरीनं ती सुटते. मागून तांब्याचा तुकडा टेकवून वेल्डचे थेंब सोडा आणि प्रत्येक थेंबानंतर हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या.

११. जुना रंग सँडब्लास्टनं काढला तर?

बाहेरच्या पत्र्यावर वाळू मारू नका. मोठा सपाट पत्रा तापून आणि मार खाऊन फुगतो, मग तो कुणाच्या बापाला सरळ होत नाही. केमिकल लावून खरवडा, उरलेलं ८० नंबरच्या पेपरनं. वेळ जातो, जाऊ द्या.

लूव्हरच्या आतली कापलेली धार ही खरी कसोटी. तिथे ब्रश नीट पोचत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. जुना टूथब्रश आणि फॉस्फरिक ॲसिडचं गंजनाशक घ्या, धुवा, पूर्ण वाळवा. मग एपॉक्सी प्रायमर दोन दिशांनी मारा: एकदा बोनेट उभं ठेवून मागून, एकदा उलटं करून आतून. आरसा आणि बॅटरी घेऊन प्रत्येक लूव्हरच्या पोटात बघा. माझ्या बोनेटवर अठ्ठेचाळीस लूव्हर आहेत आणि मी सगळे मोजून तपासले होते, तरी दोन सुटले.

१२. पावसात काय होतं?

चालत्या गाडीत फारसं काही नाही. उभ्या गाडीत पाणी ओघळून आत येतं. तुमच्या ट्रकमध्ये व्ही-८ असेल तर डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) इंजिनच्या मागच्या टोकाला, केबिनच्या भिंतीजवळ असतो. २५० घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन असेल तर तो उजव्या बगलेला असतो. लूव्हरची ओळ नेमकी त्याच्यावर येत असेल तर कॅप आणि वायरींचे रबरी बूट नवे टाका आणि बोनेटच्या आतून, कैचीला अडकवून, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची पन्हाळ लावा. पाणी गोळा होऊन बाजूला ओघळलं पाहिजे. हवा अडेल इतकी ती चिकटवू नका. गाडी धुताना लूव्हरवर पाण्याचा जोराचा फवारा नको.

१३. लूव्हर लावल्यापासून केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो. संबंध आहे का?

आहे. केबिनला ताजी हवा मिळते ती बोनेटच्या मागे, काचेखालच्या जाळीतून. लूव्हरमधून बाहेर पडणारी गरम हवा पत्र्यावरून सरकत त्याच जाळीवर जाते. लूव्हर आल्यामुळे वास कळला, गळती आधीपासून होतीच. कार्ब्युरेटरचं गॅस्केट, इंधनाचे रबरी पाइप आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे जोड तपासा. गळती सापडेपर्यंत ट्रक चालवू नका. एक्झॉस्टच्या गॅसला वास नसतानाही तो जीव घेतो. बोनेटच्या मागच्या कडेखालची रबरी पट्टी गेली असेल तर तीही बदला.

१४. आधीच्या मालकानं लूव्हर पाडण्यासाठी आतली कैची कापून टाकली आहे. घेऊ का?

कैचीच्या दोन पट्ट्यांमध्ये जेवढी जागा असते तेवढ्यातच लूव्हर पाडता येतात. सलग ओळी हव्या म्हणून काही जण कैचीच उडवतात. असं बोनेट वेगात थरथरतं आणि कालांतरानं लूव्हरच्या टोकांना चिरतं. काम उत्तम असेल, किंमत कमी असेल आणि तुमच्याकडे किंवा ओळखीत चांगला वेल्डर असेल, तरच विचार करा. चौकोनी पातळ नळीचा नवा सांगाडा करून तो वरच्या पत्र्याला वेल्डऐवजी पॅनेल जोडायच्या चिकट द्रव्यानं जोडा. वेल्डची उष्णता वरून दिसते.

१५. लूव्हरची तोंडं पुढे, काचेच्या उलट्या दिशेला आहेत. चुकीचं आहे का?

उघडी बाजू काचेकडे असायला हवी. पुढे तोंड असलेल्या लूव्हरमध्ये पाणी, किडे, धूळ सगळं भरतं आणि प्रश्न २ मधला हवा ओढण्याचा फायदाही जातो. कुणाला रूप आवडत असेल, पण मी ते बोनेट घेणार नाही.

१६. भारतात माझी जुनी महिंद्रा-विलिस जीप आहे. हे सगळं तिला लागू पडतं का?

पत्र्याचं सगळं लागू पडतं, मोजमापांचं नाही. जीपचं बोनेट बरंच सपाट, आत आधार कमी, म्हणून प्रेसमध्ये धरायला सोपं, पण तितकंच लवकर वळणारं. कुलूप मध्ये नसून बाजूला बाहेरून क्लॅम्प असतात, त्यामुळे प्रश्न ७ मधली कुलपाची भानगड नाही. सीजे-३बी चं बोनेट उंच असतं, कारण त्याखालचं हरिकेन इंजिन उंच होतं. खालच्या बोनेटच्या जीपवर ते चढत नाही, समोरची जाळीही वेगळी लागते. आणि कोकणातल्या चार महिन्यांसाठी प्रश्न १२ मधली पन्हाळ सक्तीची समजा.

कायद्याचा भाग वेगळा. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी, म्हणजे व्हीए मालिकेची पाटी, हवी असेल तर गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. ही व्याख्या दुचाकी आणि खासगी वापराच्या प्रवासी चारचाकीपुरती आहे, मालवाहू म्हणून नोंद असलेला पिकअप तीत बसत नाही. जीपसाठी अर्ज करायचा असेल तर मूळ बोनेट जपून ठेवा आणि तपासणीला गाडी नेताना तेच चढवा. लूव्हरचं वेगळं बोनेट बोल्टवर बसतं आणि बोल्टवर निघतं. क्लॅम्पच्या जागा दोन्हींवर आधीच जुळवून ठेवल्यात तर अदलाबदलीला दोन माणसांना अर्धा तास लागतो.